विहार आपण बांधले, पाखाडी कोण बांधणार? कोकणातील बौद्धवाडी आणि ग्रामपंचायतीचा हिशोब

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विहार झाले, कमान झाली, बाबासाहेबांचा पुतळा बसला, मग वाडीची पाखाडी अजून का होत नाही? पऱ्यावर साकव का पडत नाही? नळ आला, पण नळाला पाणी का येत नाही? प्रश्न विचारणारा मुंबईत चांगल्या नोकरीत असतो, वर्गणी वेळेवर भरणारा असतो. त्याच्या मनात उत्तरही तयार असते: "आपल्याला मुद्दाम डावलतात."

डावलतात हे खरेच आहे. पण नेमके कुठे, कोणत्या कागदावर आणि कोणत्या तारखेला डावलतात, हे माहीत नसेल तर त्या रागाचा उपयोग होत नाही. आम्ही काही कार्यकर्ते रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आणि आसपास वाड्यावस्त्यांवर फिरतो. तिथे जे समजले ते इथे मांडत आहोत. ज्या गावांचे अनुभव सांगतो आहोत त्यांची नावे लिहिलेली नाहीत. तालुक्यातल्या बहुतेक वाड्यांना ते आपलेच वाटतील.

गाव एकच, वाड्या अनेक

मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्यातला सर्वात उत्तरेकडचा तालुका. उत्तरेला सावित्री नदी आणि तिच्या मुखाशी बाणकोट. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यातला श्रीवर्धन, पूर्वेला महाड. दक्षिणेला दापोली. मध्ये सह्याद्रीचे फाटे, त्यांच्यामधून वाहणारी भारजा नदी आणि वर जांभ्याचे सडे. याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव.

समाजशास्त्राच्या पुस्तकात आपण जे गाव शिकतो ते बहुतेक वेळा देशावरचे असते. मधोमध गावठाण, भोवती काळी, गावाला वेस आणि वेशीबाहेर महारवाडा. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा' पुस्तकातले गावही तेच. कोकणात वेस नसते. गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. प्रत्येक वाडीत एका समाजाची वस्ती. एका वाडीतून दुसरीत जायचे तर पऱ्या ओलांडावा लागतो किंवा सडा चढावा लागतो. त्यामुळे बौद्धवाडी 'वेशीबाहेर' आहे असे दिसत नाही, ती फक्त 'लांब' दिसते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हे अंतर निसर्गाने टाकलेले वाटते.

ते तसे नाही. जांभ्याचा दगड पावसाचे पाणी धरून ठेवत नाही. सड्यावर पडलेले पाणी खाली झिरपते आणि जिथे जांभा संपून काळा दगड लागतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात फेब्रुवारी-मार्चनंतर पाणी शोधावे लागते ते याचमुळे. कोकणातला जुना माणूस झरा बघून घर बांधत असे. झऱ्याजवळची सपाट, भाताची जागा ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांच्याकडे राहिली. आपली वाडी बहुतेक ठिकाणी झऱ्याच्या वर, उघड्या उतारावर, नाहीतर पऱ्याच्या पलीकडच्या काठाला. ही रचना खोतीच्या काळात पक्की झाली. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, तो याच जमिनीसाठी. खोती कायद्याने गेली १९४९ च्या कायद्यामुळे. वाड्यांची जागा मात्र बदलली नाही.

आता या भूगोलाचा आजच्या कारभाराशी संबंध कसा येतो ते पाहू. नळपाणी योजनेची विहीर पऱ्याकाठी खोदतात, पंपाने पाणी टाकीत चढवतात आणि टाकीतून ते उताराने वाड्यांना जाते. टाकी कोणत्या उंचीवर बांधायची हा वरवर अभियंत्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो गावच्या राजकारणाचा प्रश्न असतो. टाकी मधल्या वाडीजवळ बांधली तर पाइप कमी लागतो, जागा लवकर मिळते आणि अंदाजपत्रक बसते. मग वरच्या बौद्धवाडीत नळ बसतो, तोटी बसते, कागदावर जोडणी पूर्ण होते. जलजीवन मिशनच्या निकषात माणशी रोज ५५ लिटर पाणी लिहिलेले असते. एका वाडीतल्या आजीने आम्हाला हे दोन वाक्यांत समजावले: "नल हाय बाबा. पानी वर चढत नाय." टाकीची जागा ठरली तेव्हा गावच्या पाणीपुरवठा समितीत तिच्या वाडीतले एक नाव होते. त्या माणसाला ते आमच्याकडूनच कळले.

कायद्याला वाडी दिसत नाही

ग्रामपंचायतीचा कायदा, म्हणजे मूळचा १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, आता ज्याला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात, त्याला गाव समजते आणि प्रभाग समजतो. वाडी हा त्याच्या हिशोबातला घटक नाही. कोकणात लोकसंख्या कमी असल्याने दोन-तीन महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते. म्हणजे पंधरा-वीस वाड्या, एक कार्यालय, एक ग्रामपंचायत अधिकारी. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून आता हे नाव दिले आहे. लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात.) त्याच्याकडेही बऱ्याचदा दोन ग्रामपंचायती असतात. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याखाली एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. मंडणगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे आपल्या वाडीला स्वतःचा आवाज हवा असेल तर तो प्रभागातून किंवा ग्रामसभेतूनच मिळणार.

प्रभागाचा हिशोब मुळातून समजून घेतला पाहिजे, कारण खरे नुकसान तिथे आणि अगदी गुपचूप होते.

गावची लोकसंख्या १५०० पर्यंत असेल तर ग्रामपंचायतीत ७ सदस्य असतात, ३००० पर्यंत ९, आणि असे वाढत जास्तीत जास्त १७. त्यात अनुसूचित जातीच्या जागा किती, हे अनुसूचित जातीच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरते. ही तरतूद ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून आली. उत्तर अपूर्णांकात आले आणि तो अर्धा किंवा जास्त असेल तर एक धरतात. अर्ध्यापेक्षा कमी असेल तर सोडून देतात.

समजा, एका ग्रामपंचायतीची लोकसंख्या १२०० आहे आणि त्यात अनुसूचित जातीचे १०० लोक नोंदले आहेत. ७ जागांत त्यांचा वाटा येतो ०.५८. म्हणजे एक जागा राखीव. आता याच वाडीतले २० लोक मोजणीतून सुटले. एकूण लोकसंख्या ११८०, अनुसूचित जातीचे ८०. वाटा येतो ०.४७. म्हणजे शून्य. वीस माणसे कमी नोंदली गेली आणि पुढच्या जनगणनेपर्यंत त्या वाडीची राखीव जागा गेली. कुणी डावलले नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त भागाकार केला.

१९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी नेमका हाच धोका मांडला होता. गावात अस्पृश्य अल्पसंख्य आहेत, नुसता मताधिकार दिल्याने ते पंचायतीत पोहोचणार नाहीत, त्यांना राखीव प्रतिनिधित्व द्यावेच लागेल, ही त्यांची मागणी होती. अशा पंचायतीच्या हाती न्यायनिवाडा देण्यालाही त्यांचा विरोध होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी गावाऐवजी व्यक्तीला एकक मानल्याचे समर्थन केले, ते भाषण आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. १९३२ चे भाषण मात्र फारसे वाचले जात नाही. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे आम्हाला वाटते.

आता जनगणनेकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या आसपास होती, आणि ती २००१ च्या तुलनेत जवळपास पाच टक्क्यांनी घटलेली होती. राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे पुरुष मुंबईत. यात आपला समाज पुढे असणार हे सांगायला आकडा लागत नाही, वाडीतली कुलपे मोजली तरी पुरे. जमीन नाही, गावात काम नाही. गिरण्या, गोदी, रेल्वे, महापालिका यांनी आपल्या लोकांना जगवले. याच लोकांनी विहारे बांधली. पण जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो. बंद घरात माणूस मोजला जात नाही, आणि तो मोजला जावा असे आम्ही म्हणतही नाही. मुंबईत राहणाऱ्याने गावात खोटी नोंद करू नये.

आमचे म्हणणे वेगळे आहे. जे खरोखर वाडीत राहतात, ती म्हातारी माणसे, त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडे, मुंबईची नोकरी सुटून परत आलेली कुटुंबे, ती तरी सुटू नयेत. प्रगणक सडा चढून शेवटच्या वाडीपर्यंत येतोच असे नाही. खालच्या वाडीत बसून "वर कोण कोण असतं हो?" असे विचारून यादी भरल्याचे किस्से आम्ही ऐकले आहेत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अनुसूचित जातीत मोजले जाण्यासाठी अनुसूचीत असलेल्या जातीचे नाव नोंदवावे लागते. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध असला तरी अनुसूचित जातीचा दर्जा राहतो. पण जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिले, तर ते नाव केंद्राच्या अनुसूचीत नसल्याने ती व्यक्ती अनुसूचित जातीच्या आकड्यात येत नाही. यावर आपल्याकडे जुना वाद आहे. जात सोडण्यासाठी धम्म घेतला, मग सरकारी कागदावर पुन्हा जात का लिहायची, असे विचारणाऱ्या धम्मबांधवांची भावना आम्हाला कळते. आमच्या घरातही यावर वाद होतात. इथे आम्ही फक्त परिणाम सांगतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने बौद्धांची संख्या ठरते. जातीच्या रकान्यात अनुसूचीतले नाव लिहिल्याने ग्रामपंचायतीतली, पंचायत समितीतली आणि जिल्हा परिषदेतली जागा ठरते. दोन्ही रकाने वेगवेगळे आहेत आणि एक भरल्याने दुसरा खोटा ठरत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी सर्वांच्याच जातींची नोंद होणार आहे. घरात बसून निर्णय करायला वेळ थोडा आहे.

जागा मिळाली तरी काम संपत नाही. ती जागा कोणत्या प्रभागात जाईल हे प्रभागरचनेवर अवलंबून. प्रारूप रचना प्रसिद्ध होते, नकाशा कार्यालयात लावतात, हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक दिवस देतात. अनुसूचित जातीची वस्ती शक्यतो दोन प्रभागांत फोडू नये, असा संकेत आहे. पण हरकतच आली नाही तर तो कोण आठवून देणार? आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी बौद्धवाडीच्या मधून जाणाऱ्या पऱ्याला प्रभागाची हद्द धरली होती. नकाशावर ती अगदी नैसर्गिक वाटत होती. अलीकडची घरे एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्यात. नकाशा लागला तेव्हा पावसाळा होता, मुंबईचे मंडळ मुंबईत होते आणि वाडीतून कार्यालयापर्यंत कुणी गेले नाही.

महाडचा ठराव

ग्रामपंचायत, ठराव, हरकत हे विषय आपल्याला कोरडे वाटतात. म्हणून महाडची आठवण इथे काढायला हवी, आणि महाड आमच्यापासून फार लांबही नाही.

चवदार तळ्याची लढाई सुरू झाली ती एका स्थानिक संस्थेच्या ठरावावरून. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, पाणी कुणी प्यायले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्यानंतर काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला. मग खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी, तोवर दहा वर्षे गेली होती.

२० मार्चला महाडला जाणारे आपले लाखो लोक पहिली तारीख जाणतात. स्थानिक संस्था कागदावर देते आणि कागदावरच काढून घेते, हे सांगणारी दुसरी तारीख फार थोड्यांना ठाऊक असते.

पैसा कोणत्या वाटेने येतो

ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, हे उत्तर आपल्याला नेहमी मिळते. ते अर्धे खरे आहे. घरपट्टी, पाणीपट्टीतून कोकणातल्या छोट्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न तुटपुंजेच असते. त्यातही १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. छोट्या ग्रामपंचायतीत त्यातून पाखाडी होत नाही. सौरदिवा होतो, नाहीतर विहारासाठी खुर्च्या घेऊन खर्च दाखवला जातो. खुर्च्या आपणच आनंदाने स्वीकारतो. याबद्दल आमची तक्रार आपल्याच लोकांकडे आहे.

मोठा पैसा येतो केंद्रीय वित्त आयोगातून. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात राज्याला मिळालेल्या ग्रामीण निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असे वाटप होते. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील. कोणत्या ग्रामपंचायतीला किती, हे ठरवताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला. हा हिशोब सपाट प्रदेशातल्या दाट गावाला सोयीचा आहे. आमच्याकडे माणसे कमी आणि पाइप लांब. लोकसंख्या घटली की निधी घटतो, वाड्यांमधले अंतर मात्र तेवढेच राहते. अशा वेळी थोड्या पैशात जवळच्या वाड्यांचे काम आधी होते. शेवटच्या वाडीचे काम 'पुढच्या आराखड्यात' जाते, आणि शेवटची वाडी कोणाची असते हे वर सांगितलेच आहे.

म्हणूनच अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास ही योजना, जिला लोक अजून दलित वस्ती योजना म्हणतात, आपल्या वाडीसाठी महत्त्वाची ठरते. तिचा निधी वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्याप्रमाणे त्या वस्तीसाठीच येतो. गावच्या इतर वाड्यांशी स्पर्धा करावी लागत नाही. पण वस्तीचे नाव पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात असावे लागते. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीतून गटविकास अधिकाऱ्यांची शिफारस आणि मग जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, असा कागद जातो. आराखडा तयार होताना वाडीची लोकसंख्या कमी लिहिली गेली तर पुढची पाच वर्षे खालच्या टप्प्याचा निधी. आम्ही प्रत्येक वाडीत पहिला प्रश्न हाच विचारतो: आराखड्यात तुमच्या वस्तीची लोकसंख्या किती लिहिली आहे? आजवर एकाच वाडीत उत्तर लगेच मिळाले. तिथे एक ताई अंगणवाडी सेविका आहेत, त्यांच्याकडे घरांची यादी पाठ होती.

नावाचाही एक गुंता आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायची ठरली. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. बदल चांगलाच आहे. पण आराखड्यात जुने नाव, ग्रामपंचायतीच्या ठरावात नवे नाव आणि अंदाजपत्रकात तिसरेच, असे झाले की फाइल परत येते. नाव बदलताना सगळ्या नोंदवह्यांत एकदम बदलून घ्यावे.

आता पाखाडी. निधी मंजूर असूनही पाखाडी अडते ती बहुधा जमिनीवर. वाडीची वाट पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमांतून, भाताच्या बांधावरून जाते. ती वहिवाटीची असते, पण ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला लोक '२३ नंबर' म्हणतात त्यात, तिची नोंद नसते. नोंद नाही तर सरकारी पैसा खर्च करता येत नाही. नोंद करायची तर जमीनमालकाचे संमतिपत्र किंवा बक्षीसपत्र लागते. चालती वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवलेली वाट मोकळी करणे वेगळे आणि तिच्यावर सरकारी पैशाने पायऱ्या बांधणे वेगळे. दुसऱ्यासाठी सातबाऱ्यावरच्या सर्व नावांच्या सह्या लागतात.

१ मे ची सभा

गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यातील जी संख्या कमी असेल ती. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. सभेत काय ठरले ते इतिवृत्तात लिहिले जाते, आणि लिहिले गेले नाही ते ठरलेच नाही.

सातशे मतदारांच्या ग्रामपंचायतीत कोरम १०० चा. बौद्धवाडीतले चाळीस मतदार एकदम गेले तर सभेचे चित्र बदलते. हे गणित आम्ही समजावतो तेव्हा लोक म्हणतात, "चाळीस जण असतात कुठे गावाला?" असतात. १४ एप्रिलच्या जयंतीपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत असतात, आणि महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा याच दिवसांत येते. ज्यांचे मत गावच्या यादीत आहे त्यांना त्या सभेत बसण्याचा, बोलण्याचा आणि मागील इतिवृत्त वाचून दाखवा म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. मत मुंबईच्या यादीत हलवले असेल तर तो हक्क नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे गुन्हा आहे. कुठे ठेवायचे हे ज्याने त्याने ठरवावे, पण गावचे मत काढताना आपण वाडीच्या कोरममधून एक माणूस कमी करतो आहोत हे माहीत असावे.

आपल्या वाडीत आधीपासून एक सभा चालते. बौद्धजन पंचायतीची गावशाखा, तिची मुंबई शाखा, अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. वर्गणीचा हिशोब रुपया-रुपयाने वाचला जातो, पन्नास रुपये जुळले नाहीत तर रात्री दोनपर्यंत वाद चालतो. इतकी शिस्त असलेले लोक ग्रामपंचायतीच्या लाखांच्या हिशोबाबद्दल एक अक्षर विचारत नाहीत, याचे आम्हाला दरवेळी आश्चर्य वाटते. तो हिशोब ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसतो. गावाचे नाव निवडा, वर्ष निवडा, कोणत्या कामावर किती खर्च झाला ते पाहा. एका वाडीत कामगार असलेल्या एका तरुणाने हे आमच्यासमोर उघडून पाहिले आणि त्याच्या घरासमोरच्या गटाराचे काम पूर्ण झाल्याचे त्याला समजले. घरासमोर गटार नव्हते.

मंडणगड शहराबद्दल दोन शब्द. तालुक्याचे ठिकाण असल्याने ते आता नगरपंचायत आहे, दापोलीही तशीच. तिथे १७ नगरसेवक, मुख्याधिकारी, नगरविकास खात्याचा निधी, त्यामुळे रस्ते-दिवे लवकर होतात. पण नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. नगरसेवक आपल्या बाजूचा नसेल तर उठून विचारण्याची जागा उरत नाही. तालुक्याजवळच्या ज्या गावांना शहराच्या हद्दीत जायचे वेध लागले आहेत, तिथल्या आपल्या वाड्यांनी हे लक्षात ठेवून मग आनंद करावा.

गेल्या १ मे ला एका गावात बौद्धवाडीतून एकोणतीस जण सभेला गेले, त्यात सतरा महिला. आदल्या दिवशीच्या महिला सभेत पाखाडीचा विषय लिहून घेतला होता, म्हणून तो विषयपत्रिकेत होता. थोडी कुरकुर झाली. मग ठराव झाला आणि एका काकांनी तो इतिवृत्तात लिहून होईपर्यंत खुर्ची सोडली नाही. पाखाडीची वाट ज्या जमिनीतून जाते तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. मालक दुसऱ्या वाडीचे, पण सगळे मुंबईत. आतापर्यंत नऊ सह्या झाल्या. उरलेल्यांपैकी एक विरारला असतात, दिवाळीनंतर या म्हणाले आहेत. दुसऱ्यांचा पत्ता आम्ही शोधतो आहोत.